घाटात गाडी बंद पडली तर पहिला अर्धा तास
(ड्रायव्हर आणि गाडीमालकांसाठी. केबिनमध्ये ठेवा.)

आमचं गॅरेज खंबाटकी घाटाच्या पायथ्याला, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला आहे. पुणे-सातारा रस्त्यावर बंद पडलेल्या मालगाड्या जागेवर जाऊन चालू करून देणं हेच आमचं रोजचं काम. इतकी वर्षं गाड्यांखाली झोपून एक गोष्ट पक्की कळली आहे. गाडी बंद पडल्यानं खर्च येतोच, पण त्यानंतरच्या घाईनं तो दुप्पट होतो. म्हणून आम्ही पोचेपर्यंत काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते इथे लिहून देतो आहोत.

गाडी ओढते आहे तोवर ती वळणावरून काढून डाव्या कडेला घ्या. चारी इंडिकेटर लावा. लाल त्रिकोण गाडीला टेकवून ठेवलेला आम्ही नेहमी बघतो, त्याचा काही उपयोग नाही. तो निदान शंभर पावलं मागे ठेवा, आणि मागे वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळायच्या आधीच दिसेल असा ठेवा. मग ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांनीही कठड्यापलीकडे उभं राहायचं. गाडीच्या मागे बसायचं नाही, सावलीसाठी खाली झोपायचं तर मुळीच नाही. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर मिळते. कुणाला लागलं असेल तर आधी १०८ लावा, आम्हाला नंतर.

चाकाला लावलेल्या दगडांबद्दल कळकळीनं सांगायचं आहे. चढावर दगड लावणं बरोबरच आहे, पण गाडी चालू झाली की दगड तिथेच राहतो. पहाटे अंधारात दूध घालायला निघालेला मोटरसायकलवाला त्याच दगडावर जातो. आमचा माणूस काम संपल्यावर बॅटरी मारून दगड, फांद्या, तुटलेले नट-बोल्ट सगळं उचलतो आणि मगच निघतो. आम्ही नसलो तरी एवढं कराच. शक्य असेल तर दोन लाकडी ठोकळे गाडीतच ठेवा, ते कुणी मागे सोडून जात नाही.

फोनवर काय सांगाल

नुसतं ‘खंडाळ्यात आहे’ म्हणू नका. बाहेरून आलेल्यांना लोणावळ्याचा खंडाळा आठवतो आणि मालक तिकडचाच मिस्त्री शोधत बसतो. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, तोंड पुण्याकडे की साताऱ्याकडे, घाटात की बोगद्याच्या बाजूला ते सांगा. गाडीचं मॉडेल, बीएस-४ की बीएस-६ (धुराच्या नियमाचा जुना टप्पा की नवा), माल काय आणि किती टन, हेही लागतं.

‘स्टार्ट होत नाही’ एवढ्यावरून आम्हाला सामान भरता येत नाही. स्टार्टर मारून बघा. नुसतं ‘टक्’ होत असेल तर बॅटरी, टर्मिनल किंवा स्टार्टर. स्टार्टर जोरात फिरतोय पण सायलेन्सरमधून धुराचा पत्ताच नाही, तर इंजिनपर्यंत डिझेल पोचत नाही : फिल्टर चोंदला असेल, नाहीतर लाइनमध्ये हवा धरली असेल. धूर येतोय आणि तरी पकडत नाही, तर गोष्ट वेगळी. मीटरवरच्या दिव्यांचा फोटो पाठवा. या दोन मिनिटांनी आमची एक फेरी वाचते, म्हणजे तुमचे पैसे.

कशाला हात लावायचा नाही

उन्हाळ्यात लोड गाडी घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर येतं. पाणी गळून गेलं असेल किंवा फॅनचा पट्टा तुटला असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा आणि पूर्ण निवू द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो. होज पाइपचं काम तिथे हेडचं होऊन बसतं.

ब्रेकची हवा उतरली की मागची चाकं जाम होतात. तो बिघाड नाही, बूस्टरमधली, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या डब्यातली, स्प्रिंग आपलं काम करते आहे. बूस्टरच्या मागचा बोल्ट कसून चाक मोकळं करता येतं हे पुष्कळांना माहीत आहे, पण मग त्या चाकाला हँडब्रेक उरत नाही. घाटात हे करू नका. हवा कुठून जाते आहे ते कान लावून ऐका आणि आम्हाला सांगा. पुष्कळदा डायफ्राम (बूस्टरमधला रबरी पडदा) किंवा पाइपच फाटलेला निघतो.

क्रेनवाला घाईत असतो, तेव्हा हे तुम्हीच बघा : मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढणार असतील तर आधी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) किंवा एक्सल काढायला लावा. चाकं फिरली की गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरतो, पण इंजिन बंद असल्यानं आतलं तेल वर उडत नाही. बेअरिंग कोरडी घासून जळतात आणि क्लचसाठी आलेली गाडी गिअरबॉक्सचं बिल घेऊन जाते.

बीएस-६ गाडीत युरिया, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात तो डीईएफ, संपला किंवा भेसळीचा निघाला की गाडी ओढ सोडते. शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकू नका. चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ पडलाच, तर चावीसुद्धा फिरवू नका.

मालकांसाठी : दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत बघा. साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. मुदत संपण्याच्या आधी ८ तास आणि नंतर ८ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. माल दुसऱ्या गाडीत भरला तर भाग ‘ब’ मध्ये नव्या गाडीचा नंबर घालून मगच गाडी हलवा.

आमच्याकडून : जाण्या-येण्याचा आणि मजुरीचा आकडा काम उघडण्याआधी सांगतो. काढलेला जुना पार्ट नव्याच्या खोक्यात घालून तुमच्या हातात देतो. रस्त्यावर केलेलं काम तात्पुरतं असेल तर बिलावर तसं लिहितो. मेन पाटा (स्प्रिंगच्या पाट्यांमधला मुख्य) तुटलेली गाडी साखळदंड बांधून आम्ही फक्त गॅरेजपर्यंत आणतो, मुंबईपर्यंत जाईल असं कधीच सांगत नाही. चाक बदललं असेल तर पन्नास ते शंभर किलोमीटरमध्ये नट पुन्हा आवळा. पुण्याकडे जात असाल तर खेड शिवापूरच्या टोलनाक्याला थांबून हे करा, आणि तिथेच हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. एकच हब जास्त तापला असेल तर पुढे जाऊ नका.

कारण पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला तिथे न्यूट्रल करून सोडलेली गाडी फक्त ब्रेकवर उतरते, ड्रम तापतात आणि खाली गर्दीत पोचेपर्यंत ब्रेक लागेनासा होतो. बोगद्याच्या आधीच हवेचा काटा बघा, खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक (सायलेन्सरची वाट अडवून इंजिनानं गाडी धरणारा) चालू ठेवा. काटा भरत नसेल तर अलीकडेच कडेला थांबा आणि मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. रात्रीचे तीन वाजले असले तरी करा, आम्ही उचलतो.