अमेरिकेत मुलांची खेळणी, कपडे विकायला पाठवताय? सेफ्टी सर्टिफिकेट आता ऑनलाइन भरायचंय

सावंतवाडीची लाकडी खेळणी, खणाचे परकर-पोलके, लहान मुलांचे कुर्ते असलं काही तुम्ही अमेरिकेत विकायला पाठवत असाल किंवा तिकडे राहून इकडून मागवत असाल तर हे नीट वाचा. तिकडे सीपीएससी म्हणून एक कमिशन आहे, घरात वापरायच्या वस्तू सुरक्षित आहेत की नाही ते बघणारं, त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये नियम काढला आणि त्यात तारीख दिली ८ जुलै २०२६. त्या दिवसापासून अमेरिकेत उतरणाऱ्या मालाच्या सर्टिफिकेटची माहिती कस्टम्सच्या एंट्रीसोबतच ऑनलाइन जायला हवी, याला ते ई-फायलिंग म्हणतात. फॉरेन ट्रेड झोनमधून, म्हणजे अमेरिकेतच पण कस्टम्सच्या हद्दीबाहेर धरलेल्या जागेतून, बाहेर पडणाऱ्या मालाला ८ जानेवारी २०२७ ही तारीख आहे, पण आपल्यापैकी फार कमी जणांचा त्याच्याशी संबंध येतो.

सर्टिफिकेट काही नवीन नाही हो, २००८ च्या कायद्यापासून ते लागतंच. फक्त इतके दिवस ते कागदावर किंवा पीडीएफ करून ठेवायचं आणि कोणी मागितलं तर दाखवायचं असं चालायचं, आणि खरं सांगायचं तर कितीतरी जण मागितल्यावरच बनवायला बसायचे. आता मागण्याची वाट बघायची सोयच राहिली नाही, माल पोचायच्या आधी माहिती तयार हवी.

मी पुण्यात छोट्या एक्सपोर्टरांची कागदपत्रं बघते. दोन वर्षांपूर्वी एका ताईंचे परकर-पोलके तिकडच्या पोर्टवर अडकले, रात्री साडेअकराला फोन, सर्टिफिकेट पाठवा म्हणून. सर्टिफिकेट होतं, पण घाईत त्यावर उत्पादनाचा महिना जून टाकलेला आणि कपड्याच्या आतल्या लेबलवर मार्च. माल मार्चचाच होता, जून ही बिलाची तारीख. एवढ्या एका महिन्याचा खुलासा करण्यात दिवस गेले आणि पेट्या सुटल्या तेव्हा विसर्जन होऊन गेलं होतं, गणपतीसाठी पाठवलेला माल दिवाळीपर्यंत पडून. त्या ताई फोनवर रडत होत्या ते मी अजून विसरले नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आता सर्टिफिकेट कोणाला लागतं ते बघू. बारा वर्षं किंवा त्याखालच्या मुलांसाठी म्हणून बनवलेली वस्तू असेल तर चिल्ड्रन्स प्रॉडक्ट सर्टिफिकेट लागतं, आणि त्यासाठी सीपीएससीने मान्य केलेल्या बाहेरच्या लॅबचा टेस्ट रिपोर्ट हवा. मोठ्यांच्या वस्तूला जनरल सर्टिफिकेट, तेही त्या वस्तूला त्यांचा एखादा सेफ्टी नियम लागू असेल तरच. म्हणजे मोठ्यांची साधी सोलापुरी चादर, टॉवेल यांना असा नियमच नाही तर सर्टिफिकेटही नाही, पण त्याच टॉवेलवर कार्टून छापून लहान मुलांचा म्हणून विकला की तो मुलांच्या वस्तूत गेला. सिल्कची पातळ ओढणी मात्र कपड्यांच्या ज्वलनशीलतेच्या नियमात येऊ शकते, कारण साध्या पृष्ठभागाचं सिल्कचं कापड चौरस यार्डाला २.६ औंस किंवा त्याहून जड असेल तरच टेस्टमधून सूट आहे.

बरेच जण विचारतात की आजीने नातीला फ्रॉक पाठवला तर? नाही, स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेणाऱ्या माणसाला ते सहसा इम्पोर्टर धरत नाहीत. पण विकायचा माल थोडा आहे, पोस्टाने पाठवतोय म्हणून सुटलो असं मात्र समजू नका. पोस्टाने जाणाऱ्या मालाचीही माहिती पार्सल पोचायच्या आधी सीपीएससीच्या प्रॉडक्ट रजिस्ट्रीत, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, भरायची आहे.

भरायचं कोणी? बाहेर देशात बनलेल्या मालाची जबाबदारी अमेरिकेतल्या इम्पोर्टरची. न्यू जर्सीत बसून माल मागवणारी तुमची वहिनी असेल तर कायद्याने ती. पण तिच्याकडे माहिती येणार कुठून, तुमच्याच कारखान्यातून ना.

सात गोष्टी लागतात. वस्तूची ओळख, म्हणजे वर्णन आणि मॉडेल नंबर, एसकेयू किंवा बारकोडचा नंबर असं काहीतरी जे त्याच वस्तूचं आहे. कुठले कुठले सेफ्टी नियम लागू होतात त्यांची यादी, आणि टेस्टमधून सूट घेतली असेल तर तीही. सर्टिफाय करणाऱ्याचं नाव, पत्ता, ईमेल, फोन. टेस्टचे कागद कोणाकडे आहेत त्या माणसाची माहिती. माल कधी आणि कुठे बनला, निदान महिना आणि वर्ष, शिवाय बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. शेवटची टेस्ट कधी झाली, कुठे, कुठल्या लॅबमध्ये. आणि सातवं, ही माहिती खरी आहे असं लिहून देणं. सगळं इंग्रजीत. टेस्ट रिपोर्टची फाइल अपलोड करायची नसते, पण जवळ ठेवायची असते, मुलांच्या वस्तूंचे कागद पाच वर्षं.

लॅबच्या बाबतीत घोळ होतो तो इथे सांगते. आपल्याकडचं आयएसआय किंवा नुसती एनएबीएलची (भारतातल्या लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता तिकडे चालत नाही. सीपीएससीच्या साइटवर लॅब शोधायची सोय आहे, तिथे इंडिया टाकलं की यादी येते, पण नाव दिसलं म्हणून लगेच सॅम्पल पाठवू नका, लॅब कुठल्या टेस्टसाठी मान्य आहे तेही तिथेच दिलेलं असतं. भारतात हस्तकला कारागीर म्हणून रजिस्टर असलेल्यांना खेळण्यांच्या आयएसआयमधून सूट आहे, ती सूट मुंबई पोर्टच्या पुढे जात नाही.

टेस्ट कुठल्या ते वस्तूवर आहे. रंगवलेल्या लाकडी खेळण्याला रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं, शिवाय खेळण्यांचं एएसटीएम एफ९६३ स्टँडर्ड, आणि तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर लहान तुकडे निघता कामा नयेत. बैलगाडीचं चाक ज्या खुंटीने बसवलेलं असतं ती खुंटी ओढून बघा, हातात आली तर लॅबमध्येही येणार. बिनरंगाच्या कोऱ्या लाकडाला काही टेस्टमधून सूट आहे, पण सावंतवाडीच्या चितार आळीतलं खेळणं बिनरंगाचं कुठे असतं! परकर-पोलक्यात सुती रंगीत कापडाला शिशाच्या टेस्टची सूट मिळते, पण हुक, टिचबटन, चेन, जरीचा धागा यांना नाही. प्रश्न कापडाचा कमी आणि दोन रुपयांच्या हुकाचा जास्त असतो.

आणि पितळी भातुकली. माझ्याकडे दर वर्षी दोन-तीन जण येतात, सुंदर असते ती, मलाही आवडते, पण मी आधी थांबवते. मशीनवर कातायच्या पितळात शिसं मुद्दाम घातलेलं असतं, दोन-तीन टक्के, म्हणजे २० ते ३० हजार पीपीएम, आणि मुलांच्या वस्तूच्या धातूत मर्यादा आहे १०० पीपीएमची. शोपीस म्हणून पाठवू असं म्हणतात, पण खोक्यावर आणि जाहिरातीत लहान मुलगी खेळताना दाखवली तर ते शोपीस राहत नाही. पोरं भांडी तोंडात घालतात हो, मर्यादा उगाच नाही घातलेली.

आता रजिस्ट्रेशन. इम्पोर्टरने सीपीएससीच्या प्रॉडक्ट रजिस्ट्रीत आपल्या फर्मचं खातं उघडायचं, त्याला सर्टिफायर आयडी मिळतो. मग ब्रोकर (कस्टम्समधून माल सोडवणारा एजंट), लॅब, तुम्ही, ज्यांना माहिती भरायची परवानगी द्यायची त्यांना खात्यातून जोडता येतं, आणि मी तर म्हणेन की बनवणाऱ्याने ही परवानगी मागूनच घ्यावी, तारखा त्यालाच माहीत असतात. प्रॉडक्ट एकेक करून भरता येतं, जास्त असतील तर सीएसव्ही फाइलने एकदम. भरल्यावर ड्राफ्ट राहतो, इम्पोर्टरने तपासून सर्टिफाय केलं की पक्कं. त्यानंतर माल निघाला की ब्रोकर कस्टम्सच्या एस (ACE) या ऑनलाइन सिस्टीममध्ये फक्त सर्टिफायर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि व्हर्जन आयडी असं तीनच टाकतो, बाकीचं तिकडून ओढलं जातं. दुसरा मार्ग म्हणजे दर खेपेला ब्रोकरने सगळी माहिती टाइप करायची, पण तेच प्रॉडक्ट परत परत जाणार असेल तर त्यात खर्चही आहे आणि चुकाही. तुमच्या टॅरिफ कोडला सर्टिफिकेटची खूण आहे पण वस्तूला खरंच लागत नाही, असंही होतं, तिथे ब्रोकरला कारणाच्या कोडसह डिस्क्लेम, म्हणजे सर्टिफिकेट लागू नाही अशी नोंद, टाकायला सांगा.

रंगवाला बदलला, हुक दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आणले, काम दुसऱ्या वर्कशॉपला दिलं, तर त्याचा सेफ्टीवर परिणाम होऊ शकतो म्हणून टेस्ट परत आणि सर्टिफिकेटचं नवं व्हर्जन. काही बदललं नाही तरी मुलांच्या वस्तूचं उत्पादन चालू असेल तर साधारण वर्षातून एकदा टेस्ट आहेच.

मी आता माझ्या सगळ्या पार्ट्यांना एक दोनशे पानी वही घ्यायला लावलीय, कारखान्यातच ठेवायची, टेबलावर. लॉट सुरू झाला त्या दिवशी तारीख, लॉट नंबर, रंगाच्या डब्यावरचा बॅच नंबर, हुक कुणाकडचे, आणि शेवटी आतल्या लेबलचा एक तुकडा त्याच पानावर स्टेपल. रजिस्ट्रीत भरताना लेबल समोर असतं आणि तोच महिना तिकडे जातो.