अवरक्त वर्णपटमिती : कारखान्यातील मिश्रणांचे विश्लेषण

नळातून वाहणाऱ्या किंवा रिॲक्टरमध्ये शिजणाऱ्या मिश्रणात कोणता घटक किती आहे, हे त्याने शोषलेल्या अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशावरून ओळखण्याची पद्धत. नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवला, तर अहवाल हाती येईपर्यंत रिॲक्टरमधला माल पुढे गेलेला असतो. इथे मोजणी जागच्या जागी होते.

रेणूंमधले बंध ठराविक कंप्रतांनी कंप पावतात आणि त्याच कंप्रतांचा प्रकाश शोषतात. अट एवढीच, की कंपनाबरोबर रेणूचा द्विध्रुव आघूर्ण (त्यातले धन आणि ऋण भार एकमेकांपासून किती विलग आहेत, याचे माप) बदलला पाहिजे. नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन यांच्या बाबतीत तो बदलत नाही, म्हणून हे वायू यंत्राला जवळजवळ दिसतच नाहीत. कार्बन डायऑक्साइड मात्र प्रति सेंमी २३४९ या तरंगसंख्येजवळ (एका सेंटीमीटरात बसणाऱ्या लाटांची संख्या) ठळक दिसतो. ॲसिटिक आम्ल आणि एथेनॉल यांपासून एथिल ॲसिटेट बनताना १७१० च्या आसपासची आम्लाची शोषणपट्टी ओसरते आणि १७४० जवळ एस्टरची, म्हणजे एथिल ॲसिटेटची, पट्टी चढत जाते. अभिक्रिया कुठवर आली, ते पडद्यावर बसल्या जागी दिसते.

१९३८ साली जर्मनीत लेहरर आणि लुफ्ट यांनी केलेल्या वायुविश्लेषकाची युक्ती आजही मोहक वाटते. त्यात प्रकाशाची फोड करणारा लोलक (प्रिझम) नव्हता. जो वायू मोजायचा, तोच शोधकाच्या कप्प्यात भरलेला असे आणि आपल्या वाट्याचा प्रकाश तो स्वतःच निवडून घेई. आता फूरिये रूपांतर या गणिती रीतीवर चालणारी यंत्रे काही सेकंदांत सगळा वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगसंख्येला किती प्रकाश शोषला गेला याचा आलेख, देतात.

वरच्या उदाहरणांतल्यासारख्या मध्य-अवरक्त पट्ट्या स्पष्ट असतात, पण तो प्रकाश साध्या काचेतून जात नाही. निकट-अवरक्त (७८० ते २५०० नॅनोमीटर) प्रकाश क्वार्ट्झच्या तंतूतून दूरवर नेता येतो, त्यामुळे यंत्र धोक्याच्या जागेपासून लांब ठेवता येते. मात्र तिथल्या पट्ट्या क्षीण आणि एकमेकींत मिसळलेल्या असतात. प्रयोगशाळेत आधी तपासलेल्या अनेक नमुन्यांवर गणिती प्रारूप बसवल्याशिवाय त्यांतून आकडा निघत नाही. खरी मेहनत या कॅलिब्रेशनमध्ये आहे, यंत्र विकत घेण्यात नाही. कच्च्या मालात नवी अशुद्धी आली, की जुने प्रारूप खुशाल चुकीचा आकडा दाखवू शकते.

हिऱ्याचे टोक असलेला मध्य-अवरक्त प्रोब (द्रवात बुडवायची मोजणीची दांडी) द्रवाचा जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाडीचा थर पाहतो. त्या टोकावर पॉलिमरचा पातळ लेप बसला, तर आलेख सपाट होतो आणि आत अभिक्रिया जोरात चालू असूनही ती थांबल्यासारखी दिसते. म्हणून प्रत्येक बॅचनंतर टोक द्रावकाने धुऊन कोरा (नमुन्याशिवायचा) वर्णपट पुन्हा घेतात आणि जुन्या कोऱ्या वर्णपटाशी ताडून पाहतात.