हाफवे हाउस (गोल्फच्या अर्ध्या वाटेवरचा थांबा)

हाफवे हाउस म्हणजे गोल्फच्या मैदानावर अर्धा खेळ झाल्यावर, बहुतेक वेळा नववा होल (होल म्हणजे ठरलेल्या जागेवरून मारत चेंडू खळीत घालेपर्यंतचा एक टप्पा, पूर्ण खेळात असे अठरा) संपून दहावा सुरू व्हायच्या आधी, खेळणारे जिथे दहापंधरा मिनिटं टेकतात, चहापाणी घेतात, काहीतरी तोंडात टाकतात आणि पुढे निघतात ती जागा. कुठे ती छान कौलारू खोली असते, कुठे नुसती पत्र्याची शेड आणि चार खुर्च्या, कुठे क्लबहाउसच्या मागच्या अंगाची एक खिडकी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या सीमाभागात गोल्फ खेळणारे अगदी थोडे, पण ज्यांच्या घरातून शेतात न्याहारी जायची त्यांना ही जागा कशासाठी असते ते वेगळं सांगायला लागत नाही. पहाटे बाहेर पडलेला माणूस नऊ साडेनऊला बांधावर येऊन बसतो, फडकं सोडतो, भाकरीवर झुणका आणि बुक्कीनं फोडलेला कांदा, वर तांब्याभर पाणी, आणि परत कामाला. तेच आहे हे, औताच्या जागी काठ्यांची पिशवी.

नावाबद्दल आधी थोडं, कारण इथे गोंधळ होतो. हाफवे हाउस हा शब्द मुळात गोल्फचा नाहीच, इंग्लंडात दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर प्रवाशांना उतरायला जी सराई किंवा खानावळ असायची तिला तसं म्हणत, तिथून तो गोल्फमध्ये आला. अमेरिकेत याच शब्दाला आणखी एक अर्थ चिकटलाय, तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या लोकांना एकदम घरी न पाठवता मधले काही महिने जिथे ठेवतात ते घर, त्यामुळे नेटवर शोधलं तर आधी तेच पुढे येतं. खेळणारी मंडळी नुसतं हाफवे म्हणतात, हाफवेला भेटू, हाफवेला चहा घेऊ. नऊ होल संपवून पुढच्या नऊकडे वळायच्या क्षणाला टर्न असा शब्द आहे, आणि अमेरिकेत या ठिकाणाचा उल्लेख बरेचदा त्याच शब्दाने होतो.

थांबा नवव्यालाच का, याचं उत्तर स्कॉटलंडच्या समुद्रकाठी आहे. तिथली जुनी मैदानं किनाऱ्यालगतच्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर होती, गावातून निघायचं, एकेक होल खेळत लांब जायचं आणि टोकाला पोचलं की तसंच खेळत परत यायचं. आजही स्कोअरकार्डावर पहिल्या नऊच्या बेरजेला आउट आणि दुसऱ्या नऊच्या बेरजेला इन छापलेलं असतं ते यामुळेच, जाताना आणि येताना एवढाच त्याचा अर्थ. सेंट अँड्र्यूज या तिथल्या गावी पूर्वी एका फेरीत २२ होल व्हायचे, १७६४ मध्ये पहिल्या चार होलांचे दोन केले, येतानाही तेच खेळायचे असल्यामुळे २२ चे १८ झाले, आणि पुढे हळूहळू सगळ्या जगाने १८ हाच आकडा धरला. तिथल्या ओल्ड कोर्सच्या नवव्या होलचं नावच एंड आहे, म्हणजे टोक. आता विचार करा, टोकाला उभे आहात, समुद्रावरचा वारा अंगात शिरतोय, क्लबहाउस पार त्या तिकडे, अशा जागी कुणीतरी काही गरम द्यावं असं कुणालाही वाटणारच.

त्याच ओल्ड कोर्सवर चौथ्या होलचं नाव जिंजर बीअर असं आहे, आणि मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड अँडरसन नावाचा तिथला एक जुना माणूस, लोक त्याला ओल्ड डॉ म्हणायचे, मैदानाची राखण केलेला, चेंडू बनवणारा, तो त्या भागात आपला गाडा लावून खेळणाऱ्यांना जिंजर बीअर विकायचा. जिंजर बीअर म्हणजे आल्याचं फसफसणारं पेय, नावात बीअर असलं तरी आपल्या आल्याच्या सरबताच्या जवळचं. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या मैदानावरच्या एका होलला राजाचं नाही, जिंकणाऱ्याचं नाही, तर गाड्यावर मिळणाऱ्या पेयाचं नाव कायमचं लागलं. म्हणजे हाफवेची पक्की इमारत वगैरे नंतरची, मूळ वस्तू हातगाडाच.

पुढे मैदानं आखायची पद्धत बदलली. नववा होल फिरून क्लबहाउसजवळच येईल अशी दोन वर्तुळं करायला लागले, स्कॉटलंडातलंच म्युअरफील्ड त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण, तिथे पहिले नऊ एका दिशेने फिरतात आणि दुसरे नऊ उलट्या दिशेने. अशा मैदानावर वेगळं हाफवे बांधायची तशी गरज उरत नाही, क्लबच्या मागच्या दारात काउंटर टाकला की झालं. काही ठिकाणी आठव्या किंवा नवव्या टीजवळ, म्हणजे होल जिथून सुरू होतो त्या जागेजवळ, फोन ठेवलेला असतो, तिथून आधीच ऑर्डर सांगायची म्हणजे पोचेपर्यंत ताट तयार, आता हेच काम मोबाइलवर होतं. ज्या मैदानात मुळात नऊच होल आहेत तिथे तेच नऊ दोनदा खेळून अठरा करतात, मग आपोआपच मधला थांबा क्लबातच पडतो.

थांबणं नियमात बसतं का हे नवीन खेळणारे हमखास विचारतात. बसतं. गोल्फच्या नियमांतला ५.६ हा नियम विनाकारण उशीर करू नका असं सांगतो, पण खाणंपिणं घ्यायला क्लबहाउस किंवा हाफवे हाउसला थोडा वेळ थांबणं हा वाजवी उशीर आहे असं त्याच्या खुलाशात स्पष्ट दिलेलं आहे. अट एवढीच की थोडा वेळ. स्पर्धेत कुणी तिथे गप्पा मारत बसलाच तर पहिल्या वेळेला एक स्ट्रोक, म्हणजे एक फटका, दंड, दुसऱ्या वेळेला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) आणखी दोन, आणि तिसऱ्या वेळेला सरळ बाद. व्यावसायिक स्पर्धांत मात्र कुणी थांबत नाही, ती मंडळी केळं, सँडविच, सुकामेवा चालता चालताच खातात.

देशोदेशी याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत हाफवेला बसून नीट खाणं हा खेळाचाच भाग धरतात, तिथे न थांबता पुढे जाणारा माणूस लोकांना विचित्र वाटतो. जपानमध्ये तर नऊ होल झाले की चक्क तासाभराची जेवणाची सुट्टी असते, गरम गरम नूडल्स, भात, सगळं आरामात आणि मग दुसरे नऊ, सकाळी निघालेल्या माणसाचा आख्खा दिवस त्यातच जातो. अमेरिकेत उलट घाई, टर्नला हॉट डॉग हातात घ्यायचा आणि चालू पडायचं, शिवाय मैदानभर फिरणारी पेयांची छोटी गाडी असते ती वेगळीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबात बर्गर डॉग म्हणून एक प्रकार आहे, बर्गरचंच मांस पण हॉट डॉगच्या लांब पावात बसेल अशा आकाराचं, तो चांगलाच नावाजलेला आहे. पेयांमध्ये थंड चहा आणि लिंबू सरबत एकत्र केलेल्या पेयाला अर्नोल्ड पामर या मोठ्या गोल्फरचंच नाव पडलंय. हाँगकाँगकडच्या क्लबांत गनर म्हणून एक चालतं, जिंजर बीअर, जिंजर एल आणि वरून कडवट अर्काचे दोनचार थेंब. आलं इथेही सुटत नाही बघा.

भारतात हा खेळ इंग्रजांच्या छावण्यांबरोबर आला, कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना, आणि आपल्या कर्नाटकातला बंगळूरचा क्लब १८७६ चा. बेळगावही छावणीचंच गाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथेच, कॅम्पातली ती मोठी झाडं आणि सरळ रस्ते अजून तसेच आहेत. पण बेळगावात कुणालाही गोल्फ मैदान म्हणून विचारा, खेळाच्या आधी बिबट्याच आठवेल. ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगरात एका बांधकाम कामगारावर बिबट्याने हल्ला केला, मग तो गोल्फ मैदानाच्या झाडीत दिसायला लागला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिमोग्याकडच्या सक्रेबैलू कॅम्पातून हत्ती आणून शोधलं, पण तो काही हाताला लागला नाही. त्या दिवसांत ज्यांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती त्यांनाही ते मैदान किती पसरलेलं आहे आणि आत किती दाट झाडी आहे हे समजलं. एवढ्या पसाऱ्यात चार तास चालणाऱ्या माणसाला मध्ये पाणी का लागतं तेही त्यातून समजतंच की.

कारण चालणं खरंच खूप होतं. अठरा होल पायी खेळले तर आठ किलोमीटरच्या आसपास चाल होते, चेंडू इकडे तिकडे गेला तर जास्तच, आणि वेळ चार तास किंवा वर. आपल्याकडची हवा मैदानी मुलखापेक्षा थंड असली तरी मार्च एप्रिलमध्ये दहा वाजल्यानंतर तांबडी माती तापते, घाम गेलेला लक्षात येत नाही आणि बाराव्या तेराव्या होलला पाय जड होतात, डोकं चालत नाही, खळीजवळचा सोपा फटका (पट) चुकतो. म्हणून हाफवेला काय घ्यावं याबद्दल माझं मत ठाम आहे, मीठ साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा कोकम सरबत, एखादं केळं, मूठभर भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा, बास. बऱ्याच क्लबांत सवयीने तळलेलं देतात, कटलेट, भजी, बटर लावलेला पाव आणि अंडी, खायला छानच लागतं पण पुढचे तीन होल ते पोटातच फिरत असतं. मिरची भजी आणि गिरमिट (चुरमुऱ्याचा चटपटीत प्रकार) हे आपल्या भागाचं वैभव आहे, कुंदा ही दुधाची मिठाईही आहे, पण ते अठरावा होल झाल्यावर खावं, तेव्हा त्याची चवही जास्त लागते. पाण्यासाठी खानापूरचा मातीचा माठ ठेवला तर फ्रिजची गरज नाही, खानापूरची कुंभारकामाची माती आणि हात दोन्ही नावाजलेले आहेत, आणि घामाघूम अवस्थेत बर्फाचं पाणी पिण्यापेक्षा माठातलं केव्हाही चांगलं. पावसाळ्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर धड खेळताच येत नाही अशा कितीतरी सकाळी असतात, तेव्हा मात्र आलं घातलेला चहा हवा, आणि शेडला तिन्ही बाजूंनी आडोसा हवा, नुसतं वरचं छप्पर बेळगावच्या तिरक्या पावसात काही कामाचं नाही.

आता कॅडीबद्दल, ज्याच्याबद्दल अशा नोंदींमध्ये एखादी ओळ सुद्धा नसते. कॅडी म्हणजे पिशवी उचलून खेळणाऱ्याबरोबर चालणारा माणूस. भरलेली पिशवी सहज दहाबारा किलोची होते, ती खांद्यावर घेऊन तोही तेवढेच आठ किलोमीटर चालतो, शिवाय चेंडू शोधायला झाडीत तोच शिरतो, वाळूचा खड्डा फळी मारून सारखा तोच करतो. म्हणजे मधल्या थांब्याची गरज खेळणाऱ्याला आहे त्यापेक्षा त्याला जास्त आहे. भारतातल्या बऱ्याच क्लबांत कॅडींची बसायची जागा वेगळी असते, कुठे त्यांच्यासाठी चहाचं कूपन देतात, कुठे ज्याने त्याने आपल्या कॅडीचं बघायचं.

आमच्या नात्यातले एक काका, खानापूर तालुक्यातले, तरुणपणी बाहेरगावी एका क्लबात बरीच वर्षं कॅडी होते. ते सांगायचे की नववा झाला की साहेब लोक शेडखाली जायचे आणि हे पिशवी झाडाला टेकवून ओल्या फडक्याने काठ्या पुसत उभे राहायचे, एकेका काठीच्या खाचेतली माती टीच्या, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीच्या, टोकाने काढायची, तोवर आतून ऑम्लेटचा वास येत राहायचा. त्यांचा चहा मागच्या बाजूला, टिनाच्या डब्यातून ओतलेला, बहुतेक वेळा निवलेला, आणि तो सुद्धा साहेबांचं आटपलं की मगच प्यायला मिळायचा त्यामुळे दोन घोटात संपवायला लागायचा. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही, ती तिथली रीतच होती, आणि ही रीत मला चुकीची वाटते, सरळ चुकीची वाटते. जो माणूस तुमचा चेंडू गवतात कुठे पडला ते तुमच्या आधी बघतो, कुठली काठी घ्या ते सांगतो, त्याने दहा मिनिटं उन्हात उभं का राहायचं. नवीन हाफवे बांधताना एक लांब बाकडं जास्तीचं टाकायला आणि नळाजवळ दोन ग्लास जास्तीचे ठेवायला कितीसा खर्च येतो.

त्याच क्लबात एक वयस्कर मेजर खेळायला यायचे, काका त्यांचं नाव नेहमी आदरानं घ्यायचे. ते काउंटरवर जाऊन स्वतः दोन ग्लास चहा घेऊन यायचे, एक काकांच्या हातात द्यायचे आणि शेडीत न बसता त्यांच्या शेजारी झाडाच्या पारावर बसायचे. काका आधी उठून उभे राहायचे, मग मेजर म्हणायचे बस रे, तू उभा राहिलास तर मला पण उभं राहायला लागेल. मग दोघं बसून दहाव्या होलबद्दल बोलायचे, वारा कुठून आहे, झेंडा आज पुढे लावलाय का मागे. ग्लास रिकामे झाले की काकाच मागे वळून बघायचे आणि म्हणायचे, चला साहेब, मागचे आले.