दमा आणि त्याची निमित्ते (सांगली जिल्हा)

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. नलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. एखादे निमित्त मिळाले की भोवतालचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि आत घेतलेली हवा बाहेर टाकणे जड जाते. म्हणून श्वास सोडताना छातीत पिपाणी वाजते. नावाचे मूळ फारसीतल्या ‘दम’, म्हणजे श्वास, या शब्दात आहे. आयुर्वेदात सांगितलेल्या पाच श्वासांपैकी तमकश्वासाचे वर्णन याच्याशी जुळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी सुमारे ४ लाख ५५ हजार माणसे त्याने दगावली. आजार समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तरीही ताट-पेला वेगळा ठेवणारी घरे अजून आहेत.

दम्याला निमित्त लागते, आणि सांगली भागात ही निमित्ते शेतीच्या वर्षाबरोबर फिरतात. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. ऊस तुटला की फडात पाचट पेटवतात. थंडीत धूर वर जात नाही, संध्याकाळी गावावरच बसतो. पाचट न जाळता सरीत कुजवणारे शेतकरी वाढत आहेत. जमिनीसाठी ते चांगले आहेच, शेजारच्या घरातल्या दमेकऱ्यासाठीही आहे. फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या वाट्याला मात्र चूल, पाचट आणि पहाटेची थंडी हे तिन्ही एकदमच येते.

फेब्रुवारीपासून हळदीचा हंगाम. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये फिरते तेव्हा पिवळा धुरळा उठतो आणि जवळच्या माणसाच्या पापण्यांवरही बसतो. त्याच सुमारास तासगाव, कवठे महांकाळकडे बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड दमेकऱ्याच्या नलिका अगदी थोड्या प्रमाणातही आवळतो. धुरी चालू असताना शेडमध्ये जायचे नाही, एवढे पथ्य पाळावेच. साध्या कापडी मास्कने हा वायू अडत नाही. विट्याच्या यंत्रमागांवर कापसाची तूस हे बारमाही कारण आहे.

उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाल्याची कांडपे. भाजलेल्या मिरचीचा खाट घरभर पसरतो, धडधाकट माणूसही ठसकतो. ज्या घरातल्या बाईला दमा आहे तिथे त्या दिवशी तिने मिरची भाजायला बसू नये. जावेने किंवा घरच्या पुरुषाने बसावे. ‘थोडं सोसलं म्हणून काय होतंय’ या बोलण्यातूनच रात्रीची उबळ येते. पौषात शेजारच्या सातारा जिल्ह्यात पालीच्या खंडोबाला जाणाऱ्यांनी भंडारा उधळताना गर्दीच्या कडेला राहावे आणि श्वासातून औषध घेण्याचा पंप खिशात ठेवावा, गाडीत नाही.

घरातली निमित्ते बारमाही असतात. गादी-उशीतली धुळीतली कीड, झुरळे, उदबत्ती, डासांची कॉइल, विडी-सिगारेट. चादरी गरम पाण्यात धुवाव्यात, केर काढताना फडक्याने ओले पुसावे. सर्दी-पडशाने उठणारा दमा सगळ्यात जास्त दिसतो. काहींना ॲस्पिरिनसारख्या अंगदुखीच्या गोळीनेही उबळ येते, तेव्हा दुकानातून गोळी घेताना दमा असल्याचे सांगावे. प्रत्येकाचे निमित्त वेगळे असते. एका वहीत तारीख, त्या दिवशीचे काम आणि रात्री खोकला आला का, एवढे दोन-तीन महिने लिहिले तरी आपले निमित्त सापडते.

उपचाराचा कणा म्हणजे श्वासातून घेण्याचे औषध, बोलीत ‘पंप’. ‘एकदा पंप लागला की सुटत नाही’ ही समजूत घट्ट आहे आणि तिने फार नुकसान केले आहे. स्थळ बघायला पाहुणे आले की मुलीचा पंप कपाटात लपवला जातो, मुलगाही मित्रांसमोर ओढायला लाजतो. खरे तर पंपातले औषध थेट नलिकेत जाते, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये पुरते. गोळी रक्तातून अंगभर फिरते, म्हणून जास्त लागते.

पंप दोन प्रकारचे. सालब्युटामॉल आवळलेली नलिका काही मिनिटांत सैल करते, पण सूज उतरवत नाही. सूज उतरवते ते बुडेसोनाइडसारखे स्टेरॉइड, आणि ते बरे वाटत असतानाही नेमाने घ्यावे लागते. नुसत्या सालब्युटामॉलवर राहू नये, असे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनही सांगते. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घ्यायला जाणारे पुष्कळ आहेत. श्रद्धेने जावे, पण त्यासाठी रोजचा पंप बंद करू नये.

चुकते ते बहुतेक घेण्यात. आधी श्वास पूर्ण सोडावा, पंप हलवून तोंडात धरावा, सावकाश ओढायला लागताच एकदाच दाबावा आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखावा. मुलांना व म्हाताऱ्यांना स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावावा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंड येते. २०० मात्रांचा पंप रोज चार मात्रांनी पन्नास दिवसांत संपतो. हलवून आवाज आला म्हणजे औषध शिल्लक आहे असे नाही.

वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ काळे-निळे पडत असतील किंवा पंप घेऊनही उतार नसेल, तर घरी थांबू नये. रुग्णाला बसते ठेवावे, आडवे करू नये. स्पेसरमधून सालब्युटामॉलची एकेक मात्रा देत १०८ ला फोन करावा. मिरजेत १८९४ पासून रुग्णालयांची परंपरा आहे. जत-आटपाडीकडून येताना मात्र वाटेतला वेळ धरूनच निघावे.

कृष्णाकाठी आणखी एक निमित्त आहे, पुराचे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर उतरलेल्या पाण्यामागे भिंतींवर बुरशी आली आणि वाळलेल्या गाळाची धूळ झाली. दमेकऱ्याने हा गाळ स्वतः काढू नये. भिजलेल्या गाद्या वाळवून परत वापरू नयेत, भिंत आतून सुकल्याशिवाय रंग लावू नये. आणि पाणी चढू लागले की कागदपत्रांच्या पिशवीत दोन्ही पंप, स्पेसर आणि डॉक्टरांची चिठ्ठी आधी टाकावी.