पंधरा-चाळीस की वीस-चाळीस? ट्रॅक्टर ऑइल खातो तेव्हा

जुना ट्रॅक्टर ऑइल खायला लागला की दुकानात सल्ला ठरलेला: "पंधरा सोडा, वीस टाका, जाड असतं." मीही एक हंगाम १५डब्ल्यू-४० सोडून २०डब्ल्यू-४० ग्रेडचं इंजिन ऑइल भरलं. काडीवरची पातळी आधीसारखीच उतरत राहिली.

घोळ पहिल्या आकड्याचा आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर, तो आकडा गार इंजिनापुरता. १५डब्ल्यूची गारठ्यात स्टार्ट होण्याची चाचणी उणे २० अंशांवर घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ वर. निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात तेव्हाही आपण त्याच्या कितीतरी वर असतो. नांगराला लावून इंजिन तापलं की कामाचा आकडा मागचा, आणि तो दोन्ही डब्यांवर ४० च. म्हणजे १०० अंशांवर जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (ऑइलच्या जाडीचं माप) पट्ट्यात. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांना फरक कळणार कुठून?

खरंच जाड हवं तर मागचा आकडा ५० लागतो, १६.३ च्या पुढचा. त्याने खप थोडा कमी होऊ शकतो, पण आधी ट्रॅक्टरच्या पुस्तकात तो ग्रेड चालतो का ते बघा. सिलिंडरचा घासलेला बोअर ऑइलने भरून येत नाही.

आणखी एक गंमत: मोटरसायकलच्या डब्यावरही २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. ते ऑइल डिझेल इंजिनात ओतू नका. डिझेलचं ऑइल सी अक्षराने ओळखायचं, सीएफ-४, सीआय-४ असं. काजळी धरून ठेवायची ताकद त्यात असते.

ग्रेड बदलण्याआधी ऑइल जातंय कुठे ते शोधा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पंधरा मिनिटांनी काडी बघा, मीटरवरचे तास लिहून ठेवा. रात्रभर खाली पुठ्ठा टाकला की गळती कळते. लोडवर सतत निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) फुंक येत असेल तर संशय रिंगांवर.

आमचा सकाळी स्टार्ट करताच भसकन निळा धूर टाकायचा आणि दोन मिनिटांत साफ व्हायचा. मिस्तरी म्हणाला, "हाफ इंजिन करू," म्हणजे पिस्टन-रिंगांचं काम. मी म्हटलं, आधी हेड खोला. व्हॉल्व्ह गाइड (हेडमध्ये व्हॉल्व्हची दांडी धरणाऱ्या नळ्या) सैल निघाल्या, रिंगा शाबूत होत्या.