जोर-बैठकांपासून कार्डिओ-वेट्सपर्यंत: व्यायामाचे दोन तुकडे कसे झाले

कमाटीबागेत सकाळी फेऱ्या मारणारे वेगळे आणि जिममध्ये वजनं उचलणारे वेगळे, ही वडोदऱ्यातली वाटणी फार जुनी नाही. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जोर, बैठका, करेल (फिरवायचे जड लाकडी मुद्गल), मलखांब, लेझीम आणि कुस्ती एकाच छपराखाली चालत. द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला तोही वडोदऱ्यातूनच.

न थांबता शंभर बैठका काढल्या की मांड्या भरतात आणि दमही लागतो. एका व्यायामात दोन्ही कामं. मात्र त्यात ओझं वाढत नाही, फक्त आकडा वाढतो. शंभराच्या दोनशे झाल्या की दमसास वाढतो, पण ताकद एका टप्प्यावर अडते आणि गुडघे कुरकुरू लागतात. आखाड्याचा अभिमान जरूर असावा. ही उणीवही मान्य करावी.

ओझं मोजूनमापून वाढवण्याची पद्धत अमेरिकन लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी 1940 च्या दशकात जखमी सैनिकांसाठी बसवली. जेमतेम 10 वेळा उचलता येईल ते वजन ठरवायचं. त्याच्या निम्म्याने 10, पाऊणपटीने 10 आणि पूर्ण वजनाने 10 वेळा उचलायचं.

दमसासाचा अभ्यास मात्र वेगळ्या वाटेने गेला. 1953 मध्ये ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी दाखवलं, की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. 1968 मध्ये अमेरिकन डॉक्टर केनेथ कूपर यांनी एरोबिक्स, म्हणजे दमसासाचा व्यायाम (जिमच्या भाषेत कार्डिओ), घरोघरी नेलं आणि वजनं पैलवानांपुरती उरली. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या 1978 च्या शिफारशींत भर दमसासावरच होता. स्नायूंचा व्यायाम त्यात आला तो 1990 मध्ये.

मधल्या काळात एक भीती रुजली. 1980 मध्ये अमेरिकन संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी 10 आठवड्यांचा प्रयोग केला. वजनं आणि दमसास दोन्ही करणाऱ्या गटाची ताकद सुरुवातीला वाढली, पण शेवटच्या आठवड्यांत घसरली. ‘कार्डिओने स्नायू झिजतात’ हे जिममधलं वाक्य अशाच निष्कर्षांवर पोसलं गेलं. पण त्या गटाचा आठवडा पाहा: ताकदीचे 5 दिवस, दमसासाचे 6 आणि तेही जोरकस. नवख्या माणसाचा व्यायाम याच्या जवळपासही नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस दोन्ही तुकडे जोडते: आठवड्याला मध्यम श्रमाची 150 ते 300 मिनिटं आणि किमान 2 दिवस स्नायूंचा व्यायाम. नवख्याने पाच दिवस 30 मिनिटं भराभर चालावं. बोलता येईल, गाता येणार नाही इतक्या वेगाने. त्यातल्याच दोन दिवशी, मध्ये 48 तास सोडून, खुर्चीवरून उठबस, कमरेत वाकून डंबेल पोटाकडे ओढणं, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर आणि डंबेल खांद्यावरून वर ढकलणं, प्रत्येकी 10-12 चे 2 सेट. शेवटचे दोन जड जावेत, पण ढब मोडू नये. दोन्ही सेटमध्ये 12 सहज जमले, की 1 ते 2 किलो वाढवा. एकाच वेळी दोन्ही करायचं असेल तर आधी 5 मिनिटं अंग गरम करून वजनं, मग चालणं. थकलेल्या पायांनी उठबस केली की गुडघे आत वळू शकतात.

उत्साही मंडळी पहिल्याच दिवशी दहा सेट करतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही आणि व्यायाम तिथेच सुटतो. पहिले दोन आठवडे एकेकच सेट पुरे. उचलताना श्वास सोडा. रोखून धरला तर रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत चालणं सकाळी सातच्या आत उरकावं.