उपवासाचा दिवस आणि ग्लिमेपिराइडची गोळी

एकादशी जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "उपवास आहे, पण शुगरची गोळी मी चुकवत नाही." ती गोळी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, तर हीच शिस्त अंगाशी येऊ शकते.

ही सल्फोनिलयुरिया गटातली औषधं. 1942 साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल जांबाँ टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते, आणि काहींची रक्तशर्करा भलतीच उतरली. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं म्हणून असं होतं, हे पुढे ओग्यूस्त लुबातिएर यांनी दाखवलं.

मला यातली सगळ्यात विलक्षण वाटते ती बीटा पेशी, स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी पेशी. तिच्या आवरणात पोटॅशियमची सूक्ष्म दारं असतात, एरवी उघडी. आपण जेवलो की ग्लूकोज पेशीत शिरतं, त्यापासून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं आणि एटीपी वाढलं की ही दारं मिटतात. आतला धनभार अडकतो, आवरणावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमची वेगळी दारं उघडतात. कॅल्शियम आत घुसलं की इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रित्या होतात. म्हणजे रक्तात साखर असल्याची खात्री झाल्यावरच इन्सुलिन सुटतं. सल्फोनिलयुरिया हा टप्पाच वगळतं. एसयूआर-1 नावाच्या प्रथिनाला चिकटून ते पोटॅशियमचं दार थेट बंद करतं. पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन सुटत राहतं आणि साखर नको तितकी उतरू शकते.

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं दुसरं औषध एकटं घेतलं तर सहसा असं होत नाही. पण अनेकांच्या एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही असतात, म्हणून पाकिटावरची नावं वाचा आणि उपवासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. वय झालेल्यांना आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना धोका जास्त.

"मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या" चूर्णांपासूनही दूर राहा. वनौषधी म्हणून विकलेल्या मालात चोरून ग्लिबेनक्लामाइड मिसळल्याचं उघडकीला आलेलं आहे.

घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही साखर उतरल्याची लक्षणं. बीटा ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकार यांसाठीची औषधं) घेणाऱ्यांना धडधड जाणवेलच असं नाही, घाम मात्र येतो. साखर 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर उपवास तिथेच सोडून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं, मग जेवावं. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावं, आणि शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी आणू नये : गोळीचा अंमल अजून बाकी असतो, साखर पुन्हा उतरू शकते.